विदूषकाची चित्रे : भिंत, कॅनव्हास आणि खिन्नतेची दंतकथा

प्रास्ताविक

मराठीत ‘विदूषक’ हा एकच शब्द तीन अगदी वेगळ्या व्यक्तींसाठी वापरला जातो. संस्कृत नाटकातील नायकाचा खादाड, भित्रा आणि तरीही राजाला तोंडावर बोलू शकणारा ब्राह्मण मित्र हा पहिला. राजाच्या पदरी राहून त्याचे मनोरंजन करणारा दरबारी मस्कऱ्या हा दुसरा. तोंडाला रंग फासून, ढगळ कपडे घालून सर्कशीच्या रिंगणात कोलांट्या मारणारा, ज्याला बोलीत सरसकट ‘जोकर’ म्हणतात, तो तिसरा. युरोपीय चित्रकलेचा विचार करताना यांत चौथ्याची भर घालावी लागते. सोळाव्या शतकात इटलीत उदयास आलेल्या ‘कोम्मेदिया देल्लार्ते’ या मुखवट्यांच्या आणि उत्स्फूर्त संवादांच्या नाट्यप्रकारातील विनोदी चाकर तो हा. त्याला मराठीत नेमके नाव नाही. वगात आयत्या वेळी संवाद रचून प्रेक्षकांना हसवणारा तमाशातील सोंगाड्या हा त्याचा सर्वांत जवळचा भाऊबंद म्हणता येईल. लिखित संहितेशी दोघांचेही नाते सैल असते आणि दोघांचाही विनोद बहुधा मालकाच्या अंगावर उलटतो.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. या चौघांना एकाच नावाखाली आणले की त्यांच्या चित्रांचे अर्थही एकमेकांत मिसळू लागतात. ‘विदूषक जगाला हसवतो, पण आतून रडत असतो’ ही कल्पना आज इतकी रुळली आहे की रंगवलेल्या चेहऱ्याचे कोणतेही चित्र पाहताना प्रेक्षक त्यात दुःख शोधू लागतो. भारतीय प्रेक्षकांच्या मनात ती पक्की करण्याचे काम राज कपूर यांच्या ‘मेरा नाम जोकर’ (१९७०) या चित्रपटाने केले. परंतु या कल्पनेला इतिहास आहे, जन्मस्थळ आहे आणि ढोबळमानाने जन्मकाळही आहे. इंग्रज कलेतिहासकार फ्रान्सिस हॅस्केल यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधाच्या शीर्षकातच खिन्न विदूषकाला एकोणिसाव्या शतकातील मिथक म्हटले. त्या मिथकाच्या अगोदरची चित्रे, विशेषतः भिंतींवरील चित्रे, काय सांगतात आणि ते मिथक रूढ झाल्यावर चित्रांचे काय झाले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

लांड्सहूटचा जिना

जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात लांड्सहूट या नगराच्या माथ्यावर त्राउस्निट्झ नावाचा किल्ला आहे. तेथील एका जिन्याला ‘मूर्खांचा जिना’ असेच नाव आहे. इ. स. १५७८च्या सुमारास आलेस्सांद्रो स्काल्झी या पादुआच्या चित्रकाराने या जिन्याच्या भिंती कोम्मेदिया देल्लार्तेमधील पात्रांनी रंगवल्या. किल्ल्याच्या एकूण सजावटीची आखणी फ्रीड्रिख सुस्ट्रिस या कलावंताची होती. आकृती जवळजवळ माणसाएवढ्या आहेत. कंजूष म्हातारा व्यापारी पांतालोने आणि त्याचा इरसाल चाकर झान्नी पायरीपायरीवर भेटतात, भांडतात, प्रियेच्या दाराशी गातात. जिना चढणारा मनुष्य त्यांच्या खांद्याला खांदा लावूनच वर जातो. चित्र आणि प्रेक्षक यांच्यामध्ये येथे चौकट नाही.

या जिन्यामागे एक लग्न आहे. १५६८ मध्ये बव्हेरियाचा युवराज विल्हेल्म याचा विवाह लॉरेनची राजकन्या रेनाटा हिच्याशी म्युनिक येथे झाला. त्या सोहळ्यात दरबारी मंडळींनी एक इटालियन प्रहसन आयत्या वेळी उभे केले आणि त्यात श्रेष्ठ संगीतकार ओर्लांदो दी लास्सो याने म्हाताऱ्या व्यापाऱ्याची भूमिका स्वतः केली. मास्सिमो त्रोयानो याने लिहून ठेवलेला या प्रयोगाचा वृत्तान्त कोम्मेदियाच्या प्रयोगांच्या सर्वांत जुन्या तपशीलवार वर्णनांपैकी एक मानला जातो. लग्नानंतर युवराजाने त्राउस्निट्झवर मुक्काम केला आणि दहाएक वर्षांनी त्या हास्याला भिंतीवर जागा दिली. चर्चच्या भिंतीवर संत असत, दरबाराच्या भिंतीवर पूर्वज असत. जिन्यावर मात्र चाकराचे राज्य आले. जिना ही वास्तूतली ये-जा करण्याची, वर-खाली होण्याची जागा असते. धनी आणि चाकर यांची अदलाबदल हाच ज्या नाट्याचा प्राण, त्याला याहून योग्य भिंत मिळाली नसती. १९६१ मध्ये किल्ल्याला मोठी आग लागली आणि अनेक दालनांची सजावट नष्ट झाली. जिना वाचला.

या चित्रांत दुःखाचा मागमूस नाही. तेथे भूक आहे, वासना आहे, मार आहे आणि मार चुकवण्याची हुशारी आहे.

दरबारी मस्कऱ्यांच्या चित्रांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्या पदरी असलेल्या मस्कऱ्यांची आणि बुटक्यांची जी व्यक्तिचित्रे दिएगो व्हेलास्केझ याने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात व पुढे रंगवली, त्यांत क्वचितच कोणी हसते. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील ‘पाब्लो दे व्हायादोलिद’ या चित्रात काळा वेष केलेला मस्कऱ्या एखादे भाषण करावे तसा पाय फाकून उभा आहे. त्याच्यामागे ना भिंत, ना जमिनीची कड. केवळ सावली आणि हवा. या चित्रांना हटकून ‘करुण’ म्हटले जाते. ते घाईचे वाटते. व्हेलास्केझने राजाला ज्या नजरेने पाहिले त्याच नजरेने मस्कऱ्याला पाहिले, एवढेच या चित्रांवरून ठामपणे म्हणता येते. आणि सतराव्या शतकाच्या दरबारात तेवढेही थोडे नव्हते. गांभीर्य म्हणजे खिन्नता नव्हे.

वातोचा पिएरो

पॅरिसमधील लूव्र संग्रहालयात आंत्वान वातो (१६८४–१७२१) याचे ‘पिएरो’ हे चित्र आहे. सुमारे १७१८–१९ मध्ये ते रंगवले गेले असावे. दीर्घकाळ ते ‘जील’ या नावाने ओळखले जात असे. जील हे जत्रेतील भोळसट मस्कऱ्याचे नाव. चित्राची उंची एक मीटर ८४ सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे पात्र जवळजवळ पूर्णाकृती. पांढरा शुभ्र साटीनचा अंगरखा, अंगापेक्षा लांब बाह्या, आखूड पडलेली विजार, बुटांवर गुलाबी फिती आणि दोन्ही हात नुसते खाली सोडलेले. तो काहीही करत नाही. त्याच्या मागे, बऱ्याच खालच्या पातळीवर, नाटकातील इतर मंडळी छातीपासून वरच दिसतात. डावीकडे गाढवावर बसलेला डॉक्टर आहे आणि त्या गाढवाचा एक डोळा थेट प्रेक्षकावर रोखलेला आहे. चित्रातील सर्वांत बोलका डोळा तोच, असे अनेक प्रेक्षकांचे मत होते, आणि ते चुकीचे म्हणवत नाही.

या चित्राभोवती खिन्नतेच्या मिथकाचे जाळे सर्वाधिक दाट विणले गेले आहे. एकटा उभा असलेला, इतरांपासून तुटलेला, निरागस पांढरा पिएरो म्हणजे क्षयाने खंगलेला, छत्तिसाव्या वर्षी मृत्यू पावलेला वातो स्वतःच, असे वाचन शंभर-दीडशे वर्षे चालत आले. यात अडचण ही की चित्रकाराच्या हयातीत किंवा त्यानंतरच्या काही दशकांत या चित्राचा कोणताही उल्लेख आढळत नाही. वातोच्या बहुतेक चित्रांच्या मुद्रित प्रतिकृती त्याचा मित्र जुलिएन याने अठराव्या शतकातच करवून घेतल्या. त्यात हे चित्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत ते लूव्रचे माजी संचालक व्हिव्हाँ देनों यांच्या संग्रहात दिसते आणि १८६९ मध्ये लुई ला काझ या संग्राहकाच्या मृत्युपत्रान्वये लूव्रकडे येते. म्हणजे ज्या पिढीने या चित्राला प्रथम प्रसिद्धी दिली, ती पिढी खिन्न विदूषकाची कल्पना घडवणारीच होती. तिने पिएरोच्या चेहऱ्यावर आपल्याला हवे ते वाचले. २०२४ मध्ये जीर्णोद्धारानंतर लूव्रने या एकाच चित्राभोवती स्वतंत्र प्रदर्शन भरवले, तेव्हाही त्याच्या मूळ प्रयोजनाचा प्रश्न खुला होता. नटाचा पेशा सोडून कॉफीगृह काढणाऱ्या एका माजी पिएरोसाठी रंगवलेली ही दुकानाची पाटी असावी, असा एक तर्क आहे. तो खरा असेल तर ‘आत्म्याचे प्रतीक’ मानली गेलेली ही आकृती मुळात गिऱ्हाइकाला आत बोलावण्यासाठी भिंतीबाहेर टांगलेली होती! सिद्ध झालेला नसला तरी हा तर्क उपयुक्त आहे; पात्राचे समोर तोंड करून स्तब्ध उभे राहणे त्याने साध्या रीतीने उलगडते.

पिएरोच्या मौनालाही कायद्याची पार्श्वभूमी आहे. १६९७ मध्ये चौदाव्या लुईने इटालियन नटांना पॅरिसमधून घालवून दिले आणि १७१६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, राजप्रतिनिधी ऑर्लेआँच्या ड्यूकने त्यांना परत बोलावले. मधल्या काळात त्यांची पात्रे जत्रेतील तंबूंत जगली. तेथे राजमान्य नाट्यगृहांचा संवादांवरील हक्क आडवा येई. नटांना बोलण्याची बंदी झाली की ते पाट्यांवर संवाद लिहून प्रेक्षकांसमोर धरीत. वातोचा गुरू क्लोद जीलो हा याच जत्रांचा चित्रकार होता. म्हणून मुका पिएरो म्हणजे अबोल दुःख असे समीकरण मांडण्यापूर्वी परवान्यांची ही कागदपत्रे ध्यानात घ्यावी लागतात.

झियानिगोच्या भिंती

विदूषकाच्या भित्तिचित्रांचा विचार करताना ज्या एका ठिकाणी सर्वाधिक थांबावे असे ठिकाण म्हणजे व्हेनिसजवळच्या झियानिगो या खेड्यातील एक साधे घर. जांबात्तिस्ता त्येपोलो (१६९६–१७७०) हा अठराव्या शतकातील युरोपातील सर्वांत मागणी असलेला भित्तिचित्रकार. व्युर्झबुर्गच्या राजवाड्यातील जिन्यावरचे प्रचंड छत त्याने १७५० ते १७५३ या काळातील वास्तव्यात रंगवले. त्याच्या मचाणावर बरोबरीने काम करणारा त्याचा मुलगा जांदोमेनिको (१७२७–१८०४). वडिलांबरोबर तो माद्रिदलाही गेला आणि १७७० मध्ये वडिलांचा तेथेच अंत झाल्यावर परतला. झियानिगोचे घर कुटुंबाचे होते. तेथील भिंती जांदोमेनिकोने १७५९ पासून जवळजवळ चाळीस वर्षे, सवड मिळेल तशा, रंगवल्या. या कामाला कोणी यजमान नव्हता, पैसे नव्हते, विषयाची अट नव्हती. राजे-सरदारांच्या छतांवर देवता उडवण्यात ज्याची हयात गेली, त्याने स्वतःच्या घराच्या भिंतीवर पुल्चिनेल्लाला आणले.

पुल्चिनेल्ला हा नेपल्सचा. पांढरा ढगळ सदरा, उंच निमुळती टोपी, चोचीसारख्या नाकाचा काळा अर्धा मुखवटा, पाठीला कुबड. खादाड, आळशी, भित्रा, निर्लज्ज आणि मरता न मरणारा. झियानिगोच्या ‘पुल्चिनेल्लांच्या खोलीत’ तो एकटा नाही. तेथे पुल्चिनेल्लाच पुल्चिनेल्ला आहेत. ते प्रेमाचे चाळे करतात, डोंबाऱ्यांच्या खेळापुढे गर्दी करतात, पेंगतात. छतावर एक पुल्चिनेल्ला दोरीच्या झोक्यावर बसून आभाळात झेप घेतो. ज्या आभाळात बापाने अपोलो आणि यशोदेवता रंगवल्या, त्याच आभाळात मुलाने झोका बांधला. एवढा स्पष्ट विनोद चित्रकलेच्या इतिहासात फार थोड्यांनी आपल्या घराण्यावर केला असेल.

तंत्राविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. खऱ्या फ्रेस्कोमध्ये चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेले रंग लावतात. गिलावा वाळताना चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीत रूपांतरित होतो आणि रंगाचे कण त्या स्फटिकांत बंदिस्त होतात. म्हणून एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा असतो. हात चालवावा लागतो तो वेगाने, आणि चूक झाली तर गिलावा खरवडून काढण्याखेरीज इलाज नसतो. (अजिंठ्याच्या चित्रांना मराठीत सर्रास ‘फ्रेस्को’ म्हटले जाते, ते तंत्रदृष्ट्या बरोबर नाही; तेथे रंग कोरड्या लेपावर बंधकद्रव्यासह दिलेला आहे.) उत्स्फूर्तता हा कोम्मेदियाचा स्वभाव आणि ओल्या गिलाव्याचीही तीच मागणी. जांदोमेनिकोच्या आकृतींत जी हलकी, लिहिल्यासारखी रेषा दिसते ती या दोहोंच्या मेळातून आलेली आहे.

या चित्रांचा काळ मात्र हलका नव्हता. त्यांपैकी काहींचे काम १७९७ पर्यंत चालले. त्याच वर्षी १२ मे रोजी नेपोलियनच्या दबावाखाली व्हेनिसच्या महासभेने सुमारे हजार वर्षांचे आपले प्रजासत्ताक स्वतःच विसर्जित केले. त्याआधी, १७९१ मध्ये, जांदोमेनिकोने याच घरात ‘नवे जग’ हे चित्र रंगवले होते. त्यात लोकांची दाटी प्रेक्षकाकडे पाठ करून उभी आहे. जत्रेतल्या खेळवाल्याच्या पेटीत भिंगातून दिसणारी दूरदेशीची चित्रे पाहण्यासाठी सारे खोळंबले आहेत. पेटीत काय आहे ते चित्र पाहणाऱ्याला कधीच दिसत नाही. पाठमोऱ्या गर्दीकडून मुखवटेधारी गर्दीकडे झालेला हा प्रवास एका नगरराज्याच्या अखेरच्या दिवसांचा अभिप्राय म्हणून वाचण्याचा मोह अभ्यासकांना होतो. हा मोह रास्त आहे, मात्र एक गोष्ट विसरू नये. पुल्चिनेल्ला येथे व्हेनिसच्या नाशाबद्दल रडत नाही. तो खातो, पितो, झोके घेतो. सरदार गेले, पुल्चिनेल्ला उरला. यातून शोक काढायचा की सुटका, हे चित्रकाराने भिंतीवर लिहून ठेवलेले नाही.

वार्धक्यात जांदोमेनिकोने याच पात्रावर ‘मुलांच्या करमणुकीसाठी’ अशा शीर्षकाची १०४ रेखाचित्रे काढली. त्यांत पुल्चिनेल्लाच्या कुळाची सुरुवात अंड्यातून होते. पुढे बालपण, लग्न, नाना धंदे, तुरुंग, फाशी, बंदुकीच्या गोळ्या, आजारपण, अंत्ययात्रा असा क्रम लागतो आणि मग कबरीतून सांगाडा वर येतो. मुलांची करमणूक म्हणून जे दिले त्यात देहान्ताची शिक्षा दोन तऱ्हांनी आहे, हे आजच्या पालकांना रुचणार नाही. १९२० मध्ये लंडनच्या लिलावात हा संच विकला गेला आणि पुढे एकेक पान सुटे होऊन जगभर विखुरला. भिंतींचे नशीबही तसेच व्हायचे. १९०६ मध्ये झियानिगोची चित्रे विक्रीसाठी भिंतीवरून उतरवण्यात आली होती. ती देशाबाहेर जाण्यास इटलीत अटकाव झाला आणि व्हेनिस नगराने ती मिळवली. १९३६ मध्ये ग्रँड कॅनॉलवरील का’ रेझोनिको या राजप्रासादातील संग्रहालयात मूळ खोल्यांच्या मापाच्या खोल्या उभारून ती बसवण्यात आली. आज ती तेथेच आहेत. स्वतःच्या घरात, स्वतःसाठी काढलेली चित्रे एका सरदार घराण्याच्या महालात पाहावी लागतात, ही विसंगती जांदोमेनिकोला आवडली असती.

खिन्नतेचा जन्म

पॅरिसमधील फ्युनांब्यूल हे नाट्यगृह एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गरीब वस्तीचे होते आणि त्याला मूकाभिनयाचाच परवाना होता. तेथे झाँ-गास्पार देबुरो (१७९६–१८४६) याने पिएरोला नवा देह दिला. गळ्याची झालर आणि रुंद टोपी काढून टाकली, डोक्याला काळी घट्ट टोपी घातली, चेहरा पांढराफेक केला. हा पिएरो भोळा नव्हता. तो थंड, चपळ आणि प्रसंगी क्रूर होता. १८३६ मध्ये रस्त्यात टोमणे मारणाऱ्या एका तरुणाला देबुरोने काठी मारली आणि तो तरुण मरण पावला. खटला चालला, देबुरो निर्दोष सुटला. न्यायालयात लोटलेल्या गर्दीला त्या मुक्या माणसाचा आवाज ऐकायचा होता, असे सांगतात. रंगवलेल्या चेहऱ्यामागे दुसरेच काही असते, या कल्पनेला यापेक्षा मोठे खाद्य कोणते मिळणार होते?

रोमँटिक पिढीच्या साहित्यिकांनी देबुरोला डोक्यावर घेतले. आश्रयदाता राजा गेला, बाजार आला, आणि बाजारात उभ्या असलेल्या कवीला व चित्रकाराला तंबूबाहेर ओरडून प्रेक्षक जमवणारा डोंबारी आपलाच सोबती वाटू लागला. बोदलेरच्या गद्यकाव्यातील जख्ख म्हातारा डोंबारी ही या नात्याची सर्वांत प्रसिद्ध अभिव्यक्ती. चित्रकलेत ओनोरे दोम्येने याच सुमारास भटक्या कसरतपटूंची चित्रे काढली. त्यांत ढोल वाजवणारा आहे, पण ऐकणारा नाही. ही लाट पॅरिसपुरती राहिली नाही. पोलंडच्या यान मातेय्कोने १८६२ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ‘स्तान्चिक’ हे चित्र रंगवले. सोळाव्या शतकातील हा दरबारी मस्कऱ्या लाल वेषात खुर्चीत खचून बसला आहे. शेजारच्या दालनात राणी बोना हिच्या मेजवानीचा नाच रंगात आला आहे. मेजावर स्मोलेन्स्क हातचे गेल्याची वार्ता देणारे पत्र पडले आहे. इतिहासदृष्ट्या हे जमत नाही, कारण ते शहर १५१४ मध्ये गेले आणि बोना पोलंडमध्ये आली १५१८ मध्ये. मातेय्कोला त्याची पर्वा नव्हती. १८६२ मध्ये पोलंड नकाशावरच नव्हता आणि पुढच्याच वर्षी तेथे उठाव झाला. स्तान्चिकला त्याने चेहरा दिला तो स्वतःचा. खिन्न विदूषकाच्या प्रतिमेने क्वचितच एवढे खरे काम केले असेल. मिथक म्हटले म्हणजे ते पोकळ असतेच असे नाही, हे या चित्रासाठी तरी मान्य करावे लागते.

रिंगणातील माणसे

१७६८ मध्ये फिलिप अॅस्टली याने लंडनमध्ये घोडेस्वारीच्या कसरतींचे खेळ सुरू केले आणि त्यातून आधुनिक सर्कस निर्माण झाली. कोम्मेदियाचा चाकर, इंग्लंडमध्ये जोसेफ ग्रिमाल्डीने घडवलेला रंगीत गालांचा विदूषक आणि घोड्यावरून पडण्याचे सोंग करणारा कसरतपटू हे सारे हळूहळू रिंगणात एकत्र आले. तेथून पुढे चित्रकारांना पात्रापेक्षा माणूस दिसू लागला, कारण सर्कशीत विदूषकाला नाव होते.

आंरी द तुलूझ-लोत्रेकने १८९५ मध्ये मुलाँ रूजमधील शा-यु-काओ या स्त्री-विदूषकाला तिच्या खोलीत, पिवळी झालर नीट करताना रंगवले. प्रयोग नाही, प्रेक्षक नाही. थोराड पाठ, उघडे दंड आणि कामाची तयारी. त्यात दया नाही आणि म्हणूनच ते चित्र चांगले आहे. १८९६ मध्ये त्याने ‘शोकोला’चे रेखाचित्र काढले. राफाएल या नावाचा हा कृष्णवर्णीय कलावंत क्यूबात गुलामीत जन्मला होता. पॅरिसच्या नुव्हो सर्कसमध्ये फूटीट या पांढऱ्या चेहऱ्याच्या विदूषकासोबत त्याची जोडी गाजली. खेळात मार खाण्याचे काम मात्र नेहमी त्याचे. लोत्रेकने त्याला मार खाताना काढले नाही. दारूच्या गुत्त्यात, एक हात उंचावून, जवळजवळ नृत्यांगनेच्या डौलाने तो नाचतो आहे. १९१७ मध्ये बोर्दो येथे तो दारिद्र्यात मरण पावला आणि त्याचे चरित्र नीट लिहिले गेले ते एकविसाव्या शतकात. प्रतीकांच्या इतिहासात अशी माणसे सहज हरवतात. ‘विदूषक म्हणजे कलावंत’ या समीकरणात कलावंत मोठा होतो आणि विदूषकाचा पोटापाण्याचा धंदा दिसेनासा होतो, ही या मिथकाची सर्वांत मोठी किंमत होय.

खुद्द लोत्रेकने १८९९ मध्ये मनोरुग्णालयात असताना सर्कशीची सुमारे ४० रेखाचित्रे निव्वळ स्मरणाने काढली. आपली बुद्धी शाबूत आहे हे डॉक्टरांना पटवण्यासाठी ती होती, आणि त्यांचा उपयोग झाला.

पिकासो आणि रूओ

पाब्लो पिकासोची कथा सर्वपरिचित असल्याने ती थोडक्यात सांगता येते. मोंमार्त्रमधील मेद्रानो सर्कशीशेजारी राहणाऱ्या या तरुणाने १९०५ मध्ये ‘डोंबाऱ्यांचे कुटुंब’ हे चित्र काढले. सहा माणसे उजाड माळावर उभी आहेत आणि कोणीही कोणाकडे पाहत नाही. यांत खेळ कोठेच नाही, केवळ खेळ संपल्यानंतरचे वेष आहेत. १९०८ मध्ये एका गुंतवणूकदार मंडळाने ते हजार फ्रँकांना घेतले आणि १९१४ मध्ये लिलावात त्याला त्याच्या दहापटीहून अधिक किंमत आली. आधुनिक चित्रे हा फायद्याचा व्यवहार ठरू शकतो, याची ती जाहीर ग्वाही होती. दारिद्र्याचे चित्र श्रीमंतीचे साधन झाले. ‘पाराद’ या बॅलेसाठी १९१७ मध्ये त्याने रंगवलेला पडदा सुमारे साडेदहा मीटर उंच व सोळा मीटरहून रुंद आहे. त्यावर आर्लेक्विन आणि मंडळी जेवायला बसली आहेत. विदूषक येथे पुन्हा भिंतीएवढा झाला आणि पुन्हा आनंदीही.

झॉर्झ रूओ (१८७१–१९५८) याची वाट निराळी. लहानपणी तो रंगीत काचांच्या खिडक्या दुरुस्त करणाऱ्याकडे उमेदवारी करत असे. त्या खिडक्यांतील शिशाच्या जाड काळ्या पट्ट्या त्याच्या चित्रांत अखेरपर्यंत राहिल्या. १९०५ मध्ये एदुआर श्युरे यांना लिहिलेल्या पत्रात त्याने एक दृश्य सांगितले आहे. रस्त्याच्या कडेला भटक्यांची गाडी थांबलेली, मरतुकडा घोडा चरतो आहे आणि एक म्हातारा विदूषक आपला चमचमता वेष सुईदोऱ्याने सांधतो आहे. हा विदूषक म्हणजे आपण सारे, चमकीचा वेष जीवनाने प्रत्येकालाच दिलेला, असा निष्कर्ष त्याने काढला. ‘मिझेरेरे’ या ५८ मुद्राचित्रांच्या संचात (प्रकाशन १९४८) विदूषकाच्या चेहऱ्याखाली ‘तोंडाला रंग कोण फासत नाही?’ अशा अर्थाचे शीर्षक आहे. रूओचा विदूषक म्हणजे कलावंत नव्हे. त्याचा विदूषक म्हणजे कोणीही. येथे मिथकाचा गर्व गळून पडतो. त्याच्या विदूषकांच्या शेजारी त्याच काळ्या रेषेत न्यायाधीश, वेश्या आणि ख्रिस्त असतात, हे आठवले म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. १९४८ मध्येच, विक्रेत्याच्या वारसांकडून न्यायालयामार्फत परत मिळवलेली आपली ३१५ अपुरी चित्रे त्याने साक्षीदारांसमोर जाळली. ती पूर्ण करण्याएवढे आयुष्य उरलेले नाही, असे त्याचे म्हणणे होते.

छापील प्रती आणि अंडी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विदूषक पुन्हा भिंतीवर गेला, पण या वेळी छापील प्रतीच्या रूपाने. बेर्नार ब्यूफे याने १९५५च्या सुमारास काढलेले टोकदार, उदास विदूषक लाखो दिवाणखान्यांत पोचले. अमेरिकेत रेड स्केल्टन या विनोदी नटाने स्वतः रंगवलेल्या विदूषकांच्या प्रती विकून मोठी कमाई केली. डोळ्याखाली एक अश्रू रंगवला की चित्र तयार, अशी ही अवस्था होती. ब्रूस नॉमनच्या ‘विदूषक-छळ’ (१९८७) या चलत्चित्र-मांडणीत विदूषक किंचाळतो आणि प्रेक्षकाला तेथे थांबणे अशक्य होते. सिंडी शर्मनने २००३–०४ मध्ये स्वतःच रंगून काढलेली छायाचित्रेही याच गोडगोड अश्रूला दिलेले उत्तर म्हणून पाहता येतात. २००४ मध्ये पॅरिसच्या ग्राँ पालेमध्ये भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाचे उपशीर्षक मात्र ‘विदूषकरूपातील कलावंताचे चित्र’ असेच होते. मिथक अजून निवृत्त झालेले नाही.

या साऱ्यापासून दूर, इंग्लंडमध्ये, विदूषकांच्या चित्रांचा एक निराळाच संग्रह वाढत गेला. १९४६ मध्ये स्टॅन बल्ट या गृहस्थाने कोंबडीची रिकामी केलेली अंडी घेऊन त्यांवर व्यावसायिक विदूषकांचे रंगवलेले चेहरे हुबेहूब काढायला सुरुवात केली. एकाची रंगभूषा दुसऱ्याने उचलू नये हा या धंद्यातील अलिखित नियम. अंडे हे त्या चेहऱ्याच्या मालकीचे नोंदपत्रच झाले. त्यावर सही नसते, पार्श्वभूमी नसते, खिन्नतेची टीप नसते. भुवई कोठे संपते, तांबडा रंग कोठवर येतो, केस किती, टोपी कोणती एवढीच माहिती असते. जुनी अंडी पुष्कळशी फुटली. पुढे ती चिनी मातीची करू लागले.